चार बोटं आखूड

हसा, हसून घ्या. नवीन भरतीची पोरं या पोलीस प्रशिक्षणाच्या वर्गात आली की आधी मलाच हसतात. भिंतीवर बाकीच्या काठ्या सरळ, एका उंचीच्या; आणि मधोमध मी, चार बोटं आखूड, खालून जळक्या लाकडासारखी काळी. मी नागपूरजवळच्या वाडीच्या पोलीस चौकीतली काठी बोलतेय. आखूड कशी झाले ते ऐका, मग हवं तेवढं हसा.

जन्म माझा पारशिवनीकडच्या जंगलातला. भरीव बांबू, अस्सल जात. मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, खाली लोखंडी टोपण ठोकलं आणि सत्तर साली हवालदार देवरावांच्या हातात दिलं. तेही पारशिवनीकडचेच, शेतकऱ्याघरचे. गाववाले म्हणून आमचं लगेच जमलं.

खरं सांगते, मी कोणाच्या पाठीवर फारशी पडले नाही. देवरावांना मारायचा कंटाळा. खुपसायची मात्र भारी हौस! बेवारस पिशवी असो, झोपलेला दारुडा असो, की गटारातलं मेलेलं डुक्कर असो, आधी माझं टोक आत. दर रविवारी त्यांची बायको सिंधूताई मला जवसाचं तेल लावायची आणि कुरकुरायची, "माझ्या केसाले थेंब नाही, अन् या सवतीले वाटीभर!"

देवरावांची दुसरी हौस पंचनाम्याची. काहीही घडो, आधी वही उघडायची आणि दोन पंच शोधायचे. पंच म्हणजे आम्ही जे पाहिलं ते खरं, अशी सही करणारे दोन नागरिक. सही करायला लागतं एक मिनिट, आणि मग कोर्टाच्या तारखांना वर्षानुवर्षं जोडे झिजतात. म्हणून 'पंच पाहिजेत' हे शब्द कानावर पडले की पानठेल्यावरचा माणूस अर्धं पान हातात धरूनच सायकलवर टांग मारायचा.

एकोणऐंशीचा एप्रिल. सकाळचे दहा वाजले होते. अमरावती रोडवर एका गोदामासमोर ट्रक खड्ड्यात आदळला आणि वरून एक निळा ड्रम रस्त्यावर पडला. त्याच्या फटीतून काहीतरी गळू लागलं आणि पांढरा धूर निघू लागला. ड्रायव्हर "तेजाब है, तेजाब!" असं ओरडला आणि जो पळाला तो आजतागायत सापडलेला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा साठेक माणसं जमली होती. "मांगं सरा गा, मांगं!" देवराव ओरडले. आमच्या नागपूरच्या माणसाला मागं सर म्हटलं की तो एक पाऊल पुढं येतो. कुठून मागं सरायचं ते नीट दिसायला नको?

मग व्हायचं तेच झालं. देवरावांनी मला त्या फटीत खुपसलं. आई गं! असा दाह मी विस्तवावर शेकतानाही सोसला नव्हता. लोखंडी टोपण फसफसलं, टोक काळं पडलं. देवरावांनी मला बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाले, "हाव बावा, तेजाबच आहे." वा रे तपास! ड्रायव्हर ओरडून सांगून गेला होता की!

एवढ्यात चहावाला नत्थूजी भरलेली बादली घेऊन धावत आला. "सरका हवालदारसाहेब, टाकतो पाणी!"

"बह्याड झाला का गा? मुद्देमाल भिजवून राहिला! पंचनामा व्हाचा आहे अजून!"

नत्थूजी हिरमुसला आणि बादली घेऊन परत गेला. देवरावांनी गर्दीपाशी येऊन वही उघडली. "दोन पंच पाहिजेत. नाव, बापाचं नाव, पत्ता. कोण येते?"

बापरे, काय ती पळापळ! एकाची म्हैस व्यायची होती, दुसऱ्याचा मावसभाऊ धंतोलीत दवाखान्यात भरती होता, आणि तिसऱ्याला आपण बहिरे असल्याचं ऐन वेळी आठवलं. दोन मिनिटांत रस्ता झाडून काढल्यासारखा मोकळा झाला. उरला फक्त एक चष्मेवाला माणूस. बळीराम पराते, पोस्टातले कारकून, सायकलवरून ऑफिसला निघालेले.

"मी होतो पंच," ते म्हणाले. "नागरिकाचं काम आहे. पण पाहिल्याशिवाय सही नाही करत मी. ड्रमावर काय लिहून आहे ते वाचतो पहिले."

आणि तो भला माणूस खिशातून पेन काढून सरळ ड्रमाकडे निघाला. देवरावही कौतुकानं बघत राहिले. पंधरा पावलं गेला असेल, तोच वारा फिरला. सगळा धूर बळीरामजींच्या अंगावर आला. चष्मा पडला, पेन पडलं, आणि खोकत खोकत ते गुडघ्यांवर बसले.

देवराव धावले आणि मधेच थांबले. मला वाटलं, झालं, आता हे पंच शोधायला जातात! पण त्यांनी खाली वाकून मूठभर धूळ उचलली आणि हवेत सोडली. धूळ कुठं जाते ते पाहिलं. "उफणताना वाऱ्याकडे पाठ," ते पुटपुटले, "नाही तं भुसा डोळ्यात."

ट्रकच्या मागून वळसा घालून ते वाऱ्याच्या बाजूनं आले. मला पुढं केलं. पण माझ्या टोकाला तेजाब होतं. म्हणून त्यांनी मला उलटं केलं. चांगलं टोक बळीरामजींकडे दिलं आणि जळकी बाजू स्वतःच्या हातात धरली.

"परातेजी, डोळे मिटून ठेवा! काठी धरा, काठी!"

ते ओढत होते आणि मी कडकड वाजत होते. मी स्वतःला म्हटलं, बाई, आज तुटलीस तर दोन घरं बुडतील. नाही तुटले. बळीरामजी बाहेर आले. देवरावांनी मूठ उघडली तेव्हा तळव्याची कातडी मलाच चिकटून आली.

"नत्थूजी, आण गा ते बादली आता!"

त्या हातावर आणि बळीरामजींच्या डोळ्यांवर नत्थूजीनं चौदा बादल्या पाणी ओतलं.

आगीचा बंब घेऊन अग्निशमन दलाचे अनंतराव साहेब आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि देवरावांची पाठ थोपटली. "ड्रमावर पाणी पडू दिलं नाही, शाब्बास. उसळून नत्थूजीचं तोंड गेलं असतं." नत्थूजीनं बादली हळूच पाठीमागं लपवली. "अन् साठ लोकं दोन मिनिटांत कशी काय पांगवली?"

"अनुभव आहे साहेब," देवराव म्हणाले. मला हसूही येईना आणि रडूही.

साहेब रागावले ते फक्त माझ्यावरून. "काठी काहून लावली? शंभर पावलं दूर राहाचं ना! गर्दी हटवायची, आम्हाले बोलवायचं, बस!" माझं टोक तिथंच गळून पडलं.

घरी सिंधूताई तो हात मांडीवर घेऊन आधी रडली, मग कडाडली. "वारा पाह्यला तं आधी काहून नाही पाह्यला? लेकराले समजते ते तुम्हाले हवालदार होऊन समजत नाही!"

पुढं देवरावांना या वर्गात बोलायला बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी भारी फुशारकी मारली. पण मागच्या बाकावर बळीरामजी येऊन बसले होते. त्यांच्या छातीची घरघर वर्गभर ऐकू येत होती. देवरावांनी फुशारकी मधेच सोडली आणि म्हणाले, "पोरांनो, मी खोटं बोलून राहिलो. पाणी थांबवलं ते मुद्देमालासाठी. लोकं पळाले ते पंचनाम्याच्या भेवानं. डोकं वापरलं ते एकदाच, अन् तेही उशिरा. तो उशीर या माणसाच्या छातीत वाजून राहिला, ऐका."



देवराव पंच्याऐंशीत निवृत्त झाले आणि मला इथं ठेवून गेले. पोरांनो, माझी चार बोटं गेली त्याचं वाईट वाटत नाही. पण मला पुन्हा कशात खुपसू नका. आधी मूठभर धूळ उडवा.

आणि हो, तो पंचनामा अजून अपुराच आहे. बळीरामजींनी ड्रमात काय होतं ते अनंतराव साहेबांना विचारून, खात्री करून, मगच सही केली. दुसऱ्या पंचाची जागा मोकळी आहे. कोणी येत असेल तर या. फक्त वाऱ्याकडे पाठ करून या.