निळ्या कापडाची हद्द

इल्मोने निळ्या कापडाची जाड घडी करून ती टेबलाच्या मधोमध आडवी ठेवली.

"ही हद्द," तो मास्कच्या आतून म्हणाला. "हिच्या इकडे तुझा हात यायला नको."

"टेबल काय तुझ्या वडिलांनी आणून दिलंय?" तुइरे म्हणाली.

"मांडीचं हाड माझ्याकडे, टाचा तुझ्याकडे. आपापलं उरकायचं आणि बाहेर पडायचं. गप्पा मारायला मी आलेलो नाही."

"मी तर तुझ्यासाठी केकच भाजून आणला होता."

भिंतीतल्या स्पीकरमधून मेर्वीचा आवाज आला. "अरे, तोंडं आवरा जरा. आकडा चढतोय."

मेर्वी त्यांची वरिष्ठ. ती काचेपलीकडे बसून हवेतले कण मोजणाऱ्या यंत्रावर डोळा ठेवी. तांपेरे शहरातल्या त्या हाडांच्या पेढीत मृतांनी दिलेली हाडं रोग्यांसाठी साफ करून ठेवत, आणि आतल्या खोलीचा नियमच तसा होता. माणूस बोललं की तोंडातून आणि हललं की अंगावरून काही ना काही उडतं, आणि जे उडतं ते उघड्या हाडावर बसतं. म्हणून आत गेल्यावर संथ हलायचं आणि गरजेपुरतंच बोलायचं. भांडायचंच असेल तर तेही हळू आवाजात, हातवारे न करता. गेलं वर्षभर या दोघांनी ती कला चांगलीच कमावली होती.

काम सुरू करण्याआधी दोघांनी माना खाली घातल्या आणि क्षणभर गप्प उभे राहिले. ज्याने मरताना हे सारं देऊ केलं त्याचं नाव इथे कुणालाच कळत नसे, पण हा रिवाज कुणी मोडत नसे. एकत्र अशी तेवढी एकच गोष्ट ते आता करत.

फ्रीझरमधून काढलेलं सगळं कोमट सलाइनमध्ये हळूहळू मऊ झालं होतं. इल्मोने मांडीचं हाड उचललं आणि त्याच्यावर चिकटलेलं मांस खरवडायला घेतलं. हाड लांब होतं, सरळ होतं. उत्तरेकडे रोवानिएमीत एक सोळा वर्षांची मुलगी त्याची वाट पाहत होती. तिच्या मांडीत वाईट गाठ होती. गाठीसकट तिचं हाड काढून त्या जागी हे बसवायचं होतं. पेढीतल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाचं माप तिला जुळत नव्हतं. तिच्या सर्जनने मेर्वीला स्वतः फोन केला होता. "हे वाया गेलं तर थांबायला वेळ नाही," तो म्हणाला होता. "मग मला पाय काढावा लागेल." मेर्वीने ते सकाळी दोघांनाही सांगितलं होतं, मुद्दाम, एकत्र उभं करून.

तुइरेने पहिली टाच पुढे ओढली. टाचेची कंडरा, स्नायूची ती पांढरी दोरी, जिथे हाडात रुतते तिथे हाडाचा एक ठोकळा तसाच ठेवायचा, म्हणजे ती कुणाच्या तरी गुडघ्यात नीट धरून बसते. तिचा हात या कामात बसलेला होता. पण आज तिचं अर्धं लक्ष हद्दीपलीकडे होतं.

"फार खरवडतोयस," ती म्हणाली.

"इन्स्पेक्टरबाई, तुमची टाच बघा."

हा टोमणा तिला नवा नव्हता. मागच्या हिवाळ्यात कचऱ्याच्या डब्यात तिला इल्मोचा फाटका ग्लोव्ह सापडला होता. तो काही बोलला नव्हता, काम पुरं करून मोकळा झाला होता. ती ग्लोव्ह घेऊन सरळ मेर्वीकडे गेली. त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यावं लागलं, आणि इल्मोला उन्हाळ्यापर्यंत पाकिटं बांधायला बसवलं गेलं. तेव्हापासून ती कॉफीच्या खोलीत आली की तो आपला मग सिंकमध्ये उपडा करून निघून जाई. मग भरलेला असला तरी.

ठोकळ्याची कड तासताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. फार नाही, मुंगी चावावी तेवढं. हाडाचं कुसळ.

तिने हात उलटा केला. इथे सगळे एकावर एक दोन ग्लोव्ह घालत, आतला हिरवा आणि वरचा पांढरा. वरचा फाटला की ओल आत शिरते आणि हिरवा ठिपका गडद होऊन दिसू लागतो. तर्जनीच्या टोकावर तो ठिपका उमटत होता.

नियम काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. थांबायचं, सांगायचं, बाहेर जायचं. तेव्हापासून जे जे हातात आलं ते बाजूला काढायचं. हाच नियम तिने मागच्या हिवाळ्यात मेर्वीच्या टेबलावर ग्लोव्ह आपटून बोलून दाखवला होता.

तिने समोर पाहिलं. इल्मोच्या गॉगलवर दिव्याचा उजेड पडला होता, डोळे दिसत नव्हते. आत्ता तोंड उघडलं तर हा काय म्हणेल ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. नुसता वरचाच फाटला असेल, तिने स्वतःला समजावलं. टोचल्याचा भास झाला असेल. हे एवढं झालं की हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊ. तिने बोट तळव्यात दुमडलं आणि पहिली कंडरा तबकात ठेवली.

इल्मो करवतीचं पातं बदलायला वळला, आणि ओलं हाड तबकाच्या कडेवरून घरंगळायला लागलं. तुइरेचा हात आपोआप पुढे गेला. घडीच्या पलीकडे गेला.

इल्मोने आपला कोपरापासूनचा हात आडवा घातला. तिचं मनगट त्याच्यावर आदळलं. दुसऱ्या हाताने त्याने हाड अडवलं आणि परत तबकात सारलं.

"हद्द," तो म्हणाला.

"पडत होतं ते!"

"पडू दे नाहीतर राहू दे. तुझा हात नको."

"काय चाललंय आत?" मेर्वीने विचारलं.

"काही नाही," दोघं एकदमच म्हणाले.

रागाने तुइरेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माणूस इतकं विष धरून राहतो! एका मुलीचा पाय जायची वेळ आली आणि ह्याला घडी महत्त्वाची. त्याच रागात तिने दुसरी टाच उचलली. चांगली होती ती, पहिलीपेक्षाही. कंडरा रुंद, एकसारखी, पांढरीशुभ्र. ती साफ करत असताना तिला आपलं बोट दिसत राहिलं. ठिपका आता नखाएवढा झाला होता आणि त्याच्या मध्यात किंचित लालसर होतं. म्हणजे आतलाही फाटला होता.

दुसरी कंडरा तबकात ठेवून तिने हात छातीपाशी धरले.

"मेर्वी," ती म्हणाली. "माझा ग्लोव्ह फाटलाय. दोन्ही फाटलेत."

"केव्हा?"

"पहिल्या टाचेच्या वेळी."

"आणि आत्ता सांगतेस? तू? तुइरे, मांडीच्या हाडाला हात लावलायस का?"

"लावणार होते," ती म्हणाली.

"नाही लावला," इल्मो म्हणाला. "मी लावू दिला नाही. सकाळपासून एकदाही नाही."

तुइरेने मान वर केली. गॉगलवरचा उजेड हलला होता आणि त्यामागचे डोळे दिसत होते. शांत होते ते. वाट पाहून दमलेल्या माणसाचे असतात तसे.

"तुला दिसलं होतं," ती म्हणाली.

"आंधळ्यालाही दिसलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होतो."

"इल्मो, दुसरी कंडरा चांगली होती! तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर वाचली असती. कुणाचा तरी गुडघा होता तो!"

"तोंड तुलाही आहे." तो हाडावरून नजर न काढता म्हणाला. "माझ्या वेळी तू माझ्याकडे आली होतीस का? इल्मो, हे काय आहे, असं विचारलंस? सरळ वर गेलीस. मला विचारलं असतंस तर मीच जाऊन सांगितलं असतं."

"नसतं सांगितलंस."

"ते आता तुलाही कळणार नाही आणि मलाही."

"आकडा!" मेर्वी ओरडली. "तुइरे, बाहेर ये. दोन्ही टाचा लाल डब्यात टाक आणि बाहेर ये. इल्मो, तू एक अक्षर बोलू नकोस."

तुइरेने दोन्ही कंडरा स्वतःच्या हाताने डब्यात टाकल्या. पडताना त्यांचा ओला, जड आवाज झाला. दारापाशी पोहोचल्यावर तिने मागे पाहिलं. इल्मोने घडी उचलली नव्हती. समोर कुणी नव्हतं, तरी हद्द तशीच होती.

बाहेर पडताना तिने बोटांची टोकं जंतूंच्या तपासणीच्या ताटलीवर दाबली. काही दिवसांनी त्या ताटलीत तर्जनीच्या जागी पिवळे ठिपके वाढले. मेर्वीने ते तिला दाखवले, पण बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मांडीच्या हाडाचे सगळे नमुने मात्र स्वच्छ निघाले. तुइरेला पाकिटं बांधायला बसवलं, इल्मो बसला होता त्याच खुर्चीवर. कॉफीच्या खोलीत आता तो मग उपडा करत नसे. आरामात बसून, तिच्याकडे बघत, शेवटच्या घोटापर्यंत पीत असे. ते जास्त वाईट होतं.

हाड उत्तरेला निघायचं त्या दिवशी तिने खोक्यात कोरडा बर्फ भरून ठेवला. इल्मो फ्रीझरमधून पुडकं घेऊन आला. तिच्या हातात न देता त्याने ते टेबलावर ठेवलं आणि आपला हात मागे घेतला.

तुइरे जागची हलली नाही. ते पुडकं आणि ती यांच्यामध्ये आज घडी नव्हती, तरी तिचा हात उचलेना.

"लाव आता हात," इल्मो म्हणाला. "मध्ये तीन पिशव्या आहेत."

"उपकार झाले," ती म्हणाली.

"तुझ्यावर नाहीत. त्या मुलीवर."

तो वळून निघून गेला. तुइरेने पुडकं उचललं. जाड हातमोज्यांतूनही गारठा तिच्या बोटांपर्यंत पोहोचला. ते तिने बर्फात नीट, सरळ ठेवलं, झाकण लावलं आणि चिकटपट्टी दोनदा फिरवली.