खुर्चीसुद्धा हसली

मित्रांनो, सुप्याच्या एमआयडीसीत पंपाच्या एका कारखान्यात, साहेबांच्या टेबलासमोर मांडलेली मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. नोकरी मागायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर बसतो. एरवी मी माझी बढाईच सांगितली असती, तशी सवयच आहे मला. पण आज लाज सांगायची आहे.

नगरच्या जेम्स मिस्त्रीने मला घडवले. जाड पाइप, सागवानी बैठक. टेम्पोत चढवताना तो म्हणाला होता, "हत्ती बसला तरी ही हूं की चूं करायची न्हाई." ते ऐकून मी जी ताठ झाले, ती वीस वर्षे ताठच. टेबलामागची ती चाकांवर मिरवणारी गादीची खुर्ची तीनदा बदलली. मी आपली जागच्या जागी.

शाळा मी बघितली नाही. पण रंगनाथ साहेब मुलाखती इंग्रजीत घेत आणि मी ऐकून ऐकून शिकले. कोण कुठे घसरतो ते मला पाठ झाले. आपल्याकडे परीक्षा देतात, म्हणून पोरे ‘आय गेव्ह एक्झाम’ म्हणत. साहेबांना तिथे ‘टुक’ लागे. कोणी ‘आय अ‍ॅम डुइंग जॉब’ म्हणे, कोणी ‘सिन्स फोर इयर्स’. साहेब ओठ मुडपत आणि मी कुरकुरे. खरे तर माझ्या मागच्या पायाचा नट ढिला झाला होता. पण ते कबूल कोण करणार? मी मनाशी म्हणे, मला चूक कळते म्हणून मी बोलते. आपले दुखणे मी हुशारी म्हणून मिरवले, बाबांनो.

मागच्या दिवाळीआधी पाथर्डीकडचा बिभीषण आला. आयटीआय फिटर. हे काम मिळाले तर त्याला यंदा ऊसतोडीला जायचे नव्हते. मुकादमाची टोळी संगमनेरकडे निघायच्या बेतात होती. साहेबांनी शिक्षण विचारले.

"आय गेव्ह... आय अ‍ॅम लर्निंग..." शब्द शोधत तो जरा पुढे सरकला.

कुर्रर्र!

साहेब मोठ्याने हसले. "बघा, खुर्चीलासुद्धा सहन होईना!"

बिभीषणने हसल्यासारखे केले. पुढच्या प्रश्नांना त्याने नुसती मान हलवली. पाच मिनिटांत उठून गेला. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा गंमत वाटली.

पंधरा दिवसांनी मनकर्णा नावाची बाई मुलाखतीला आली. बसा म्हटले तरी बसेना. तिने मला धरले आणि सरळ उलटी केली. चारी पाय वर! जन्मात असा अपमान झाला नव्हता माझा.

"अहो बाई, हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"थांबा साहेब, आधी हिचं तोंड बंद करते." तिने पिशवीतून पाना काढला. "माझा भाऊ बिभीषण हितं येऊन गेला. त्या दिशी घरी जेवला न्हाई. म्हनला, साहेब हसले त्याचं काय न्हाई, पर खुर्चीसुदिक हसली मला. आन् गेला कोयता घेऊन टोळीबरोबर. मी बी त्याच्यासंगं फिटरचंच शिकलेय. नट ढिला हाय का भाऊ ढिला हाय, येवढं कळतं मला."

नट आवळून तिने मला उभी केली आणि माझ्यावर बसली. साहेबांनी जरा हळू आवाजात शिक्षण विचारले.

"आय गेव्ह एक्झाम. फर्स्ट क्लास."

तीच चूक! पण मी वाजले नाही. पुढचा शब्द सापडेना, तशी ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. तरी मी गप्प.

तेव्हा मला कळले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. मला इंग्रजी कधी येतच नव्हते. शब्द अडला की माणूस घाबरून हलतो, आणि तो हलला की मी वाजायचे. इतकी वर्षे मी माणसांच्या भीतीला दात काढत होते.

साहेबांनी तिच्या पान्याकडे बोट केले. पुढचा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला, "किती नंबरचा आहे?"

"दहा-अकराचा. नटाच्या मापाचा अंदाज नव्हता, म्हनून दोन आनले हुते."

मनकर्णा आता आमच्याकडे पंप जोडते. साहेब म्हणाले, भावालाही बोलवा. तेव्हा ती पायरीवर थांबून म्हणाली, "सांगावा धाडते. पर टोळी चैतापतुर सुटत न्हाई, आन् येनं न येनं त्याच्या मनावर."

अजून तो आलेला नाही.

मित्रांनो, समोरचा बोलताना अडखळला तर त्याला वेळ द्या. आणि आपल्यातले काही ढिले झाले असेल तर ते आधी आवळून घ्या, माझ्यासारखे त्याचे कौतुक करत बसू नका. तुमच्यापैकी कोणाला बिभीषण भेटला तर एवढा निरोप द्या. म्हणावे, ती खुर्ची आता वाजत नाही. ये, बस, आणि हवा तेवढा हल.