शेवटच्या रांगेतली टाळी

"ड्रायव्हरला मधल्या रांगेत बसव, आणि त्याची ती टोपी काढ. मागच्या फोटोतही तीच होती," असं बजावून कारकून गेला, आणि टाळीवाल्याने खुर्च्यांवर माणसं पेरायला घेतली.

जिल्हा परिषदेची जनसुनावणी होती. सुनावणीला जनता लागते, आणि ती काही केल्या येत नसे. येणार कुठून? सूचना नियमाप्रमाणे दर्शनी भिंतीवर लागायची खरी, पण त्याच भिंतीला टेकून दार उघडायचं आणि दिवसभर उघडंच राहायचं. ती चिकटवणारा शिपाईही टाळीवालाच. मग सुनावणीच्या दिवशी झाडूवाली, ड्रायव्हर, माळी घरचे कपडे घालून येत आणि तासाभरापुरते नागरिक होत.

टाळीवाल्याला हे नाव उगाच पडलं नव्हतं. त्याच्या पंजांत काय होतं कोण जाणे, एकट्याने वाजवली तरी भरल्या मैदानाची वाटे. एकदा ती ऐकून पलीकडच्या चाळीतल्या बायका पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या होत्या. खोटं वाटत असेल तर त्या कपड्यांना विचारा. अध्यक्ष "मंजूर?" म्हणत, मागून टाळी कोसळे, आणि नागरिकांनी उत्स्फूर्त स्वागत केलं असं कारकून लिहून घेई. त्या टाळीवर बाजार उठले, रस्ते वळले, एक तळं कागदावर खणलं गेलं आणि कागदावरच बुजवलंही गेलं.

आजचा विषय मात्र त्याच्या घरात शिरणारा होता. त्याच्या वस्तीतला दवाखाना बंद करायचा होता. टाळीवाल्याची बायको दम्याची. दम लागला की तो तिला पाठीवर घेऊन गल्ली ओलांडे, नर्सताई तिच्या तोंडाला वाफेचा मास्क लावी, आणि ओठांवरचा निळेपणा हळूहळू उतरे. मोठं इस्पितळ नदीपलीकडे. तिथवर तिचा श्वास पुरणारा नव्हता.

आठवडाभर तो वस्तीत दारोदार सांगत फिरला. लोक हसले. तिथे आमचं कोण ऐकतंय, म्हणाले. तुम्हीच वाजवा टाळी, तुम्हाला सवय आहे. बायको तेवढी हसली नाही.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी आहे तोवर एकदा तरी तोंडाने बोला."

अध्यक्षांनी ठराव वाचला. आरोग्यसेवा बळकट करण्यासाठी दवाखाना बंद करावा, असा काहीसा तो होता. "मंजूर?" म्हणून ते टाळीची वाट बघत थांबले. टाळीवाला उभा राहिला.

"माझी हरकत आहे, साहेब."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, तू आपला माणूस. कर्मचाऱ्याला इथे बोलता येत नाही. बोलायचं ते लोकांनी."

"मग इतकी वर्षं टाळ्या कोण म्हणून वाजवत होतो, साहेब?"

झाडूवाली फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला. अध्यक्षही हसले. मोठा गमतीचा प्राणी आहे हा, म्हणाले, आणि त्याला पाणी आणायला पिटाळलं. तो पाण्याचा जग भरून परतला तेव्हा ड्रायव्हर, माळी आणि झाडूवाली यांचे हात वर होते आणि माना खाली. त्यांनाही पोटं होती. कारकुनाने लिहिलं, हरकत नाही.

थंडी पडली आणि एका पहाटे बायकोला दम लागला. टाळीवाल्याने तिला पाठीवर घेतलं, गल्ली ओलांडली आणि सवयीने दवाखान्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. समोर कुलूप. मग तो पुलाकडे वळला. पुलाच्या मध्यावर कानाशी चाललेली घरघर थांबली. तो थांबला नाही. थांबलं तर ते खरं झालं असतं. इस्पितळाच्या दारापर्यंत त्याने तिला खाली उतरवलं नाही.

पुढच्या सुनावणीला त्याने नेहमीसारख्या खुर्च्या पुसल्या, मांडल्या, माणसं बसवली आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसला. दवाखान्याच्या रिकाम्या इमारतीत नागरिक सुविधा केंद्र काढायचं होतं.

"मंजूर?" अध्यक्ष म्हणाले.

टाळीवाला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला होता. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. अखेर कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि टाळी वाजवली.

एवढ्या मोठ्या सभागृहात ती एकाच माणसाची वाटली.