वदीआचा हात

नाझरेथकडच्या ऐन लौज या गावात कायमचं राहायची परवानगी फक्त मेलेल्यांना आहे. शवपेटी आली तर कुणी अडवत नाही. जिवंत माणसानं मात्र दिवसा यावं, बघावं आणि निघून जावं. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली नव्यानं झालेल्या देशाच्या सैन्यानं ‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून गाव रिकामं केलं होतं. ते पंधरा दिवस अजून सरायचेत.

फुआद याच गावचा, पण जन्मला शेजारच्या गावात. पोटासाठी तो परदेशी विद्यार्थ्यांना बायबलमधल्या जागा दाखवायचा. सकाळी नाझरेथ, दुपारी ऐन लौज, मग शेजारच्या गावात लोकांशी गप्पा आणि जेवण. ऐन लौजमध्ये दाखवायचं काय, तर एका पडक्या घरातली मातीची भट्टी. तिच्या काठावर लहान मुलाच्या पंजाचा ठसा होता.

एकोणीस वर्षांपूर्वी, दरवर्षी विद्यार्थी घेऊन येणाऱ्या प्राध्यापक हॅल्व्हर्सननी तो ठसा पहिल्यांदा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. “येशूच्या काळातलं मूल!” ते म्हणाले. घराचे पायाचे दगड खरंच तेवढे जुने होते. जुन्या दगडांवर नवी भिंत चढवायची, ही इकडची रीतच. भट्टी मात्र फुआदच्या आजीनं थापलेली. पण घर आजोबांचं, म्हणजे प्राध्यापक पाहुणे. आणि आपल्या उंबऱ्यावर पाहुण्याला कुणी खोटं पाडतं का? संध्याकाळी कॉफी पिताना सांगू, असं फुआदनं ठरवलं. कॉफीच्या वेळी पाहुणा इतका खुशीत होता की फुआदची जीभ रेटेना. पुढच्या वर्षी ठशाचा फोटो अभ्यासपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला आणि मग सांगायची सोयच उरली नाही. संकोच म्हणा, भ्याडपणा म्हणा. मी तरी भ्याडपणाच म्हणेन.

एकदा, ऐन थंडीत, त्यानं त्या ठशावर बोट टेकवलं होतं. तिथे कधीच ऊन येत नाही, तरी माती कोमट लागली, ताप असलेल्या कपाळासारखी. तेव्हापासून तो भट्टीकडे पाठ करून उभा राहायचा.

यंदा नज्ला आत्या हटून बसली. “मरून तर गावी जाणारच आहे रे, अम्तो. एकदा माझ्या पायांनी जाऊ दे की!” तिकडे आत्या भाच्यालाही ‘अम्तो’च म्हणते, म्हणजे आत्याच. ऐंशी ओलांडलेली बाई. तिला अरबीखेरीज काही येत नव्हतं, हाच फुआदला आधार वाटला. तिला बसमध्ये पुढच्या सीटवर बसवून तो निघाला.

घराशी आल्यावर आत्यानं चपला काढल्या आणि दार नसलेल्या दारातून, कुणाची झोपमोड होऊ नये अशी, हळूच आत गेली. मागोमाग विद्यार्थी. नेहमीप्रमाणे रांग लागली. एकेक जण पुढे होऊन ठशात बोटं ठेवत होता, कुणी डोळे मिटत होता.

आत्या बघतच राहिली. “ही सगळी वदीआला भेटायला आलीत?”

वदीआ तिची धाकटी बहीण. गाव सुटलं तेव्हा चार वर्षांची होती. त्याच हिवाळ्यात, शेजारच्या गावच्या चर्चमध्ये आसऱ्याला असताना, तापानं गेली.

“हो, अम्तो,” फुआद म्हणाला.

“देव तुझे हात सलामत ठेवो! मला वाटायचं, तिचं नाव माझ्याबरोबरच जाणार.” ती रडत रडत हसली. मग रांगेतल्या लाल केसांच्या मुलीचा हात धरून तिनं तो ठशात दाबला. “हिला सांग, ओल्या मातीत हात घातला म्हणून आईनं तिला धपाटा दिला होता. आणि भट्टीतली पहिली भाकरी तिलाच दिली. सांग ना!”

मुलीनं फुआदकडे पाहिलं. “आजी काय म्हणतायत?”

प्राध्यापकही बघत होते. काहीही ठोकून देता आलं असतं. पण आत्याचा हात अजून त्या मुलीच्या हातावर होता, आणि त्या दोन हातांखाली तिसरा.

त्यानं सांगितलं. नाव, वय, ताप, भट्टी कुणाची, सगळं.

मुलीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. प्राध्यापक दगडावर बसले.

आत्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. तिला इंग्रजी येत नव्हतं, चेहरे वाचता येत होते.

“यांना माहीत नव्हतं?”

“नाही, अम्तो.”

“मग इतकी वर्षं कुणाचा हात म्हणून धरत होते?”

“दुसऱ्याच मुलाचा. फार जुन्या काळच्या.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं डोक्यावरच्या ओढणीनं ठसा पुसला, पोराचं तोंड पुसावं तसा.

“बरीच वर्षं ती माझ्या स्वप्नात येते,” आत्या म्हणाली. “दर वेळी विचारते, नज्ला, माणसं येतात, माझा हात धरतात, पण हाक दुसऱ्यालाच मारतात. मी ओ देऊ का?”