अकरा भरलेली ताटं आणि एक रिकामं

स्वाभिमानासाठी माणसाने प्रसंगी सिंहासनालाही लाथ मारावी, असं माझं आयुष्यभराचं तत्त्व आहे. आता मला कुणी सिंहासन देऊ केलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. होती ती एक फिरती खुर्ची, पाच चाकांपैकी चार शाबूत असलेली, आणि तीही मला द्यायची की नाही हे अजून ठरायचं होतं. शिवाय लाथ मारायला गुडघे लागतात. माझे तेव्हा कामातून गेले होते.

गुडघ्यांचं आधी सांगतो, म्हणजे खुर्चीचं महत्त्व कळेल. मी लिफ्ट तपासनीस होतो. लोकांना वाटतं, हा माणूस दिवसभर लिफ्टमधून मजेत वर-खाली करत असेल. अहो, तपासणी म्हणजे लिफ्ट बंद! आणि तिची मशीनरूम असते गच्चीवर. म्हणजे ज्या दिवशी मी इमारतीत शिरणार, त्या दिवशी लिफ्ट हमखास बंद, आणि ती बंद करणारा मीच. एकतीस वर्षं मी जिने चढलो. शेवटी शेवटी उजवा गुडघा बोलायचा आणि डावा त्याला हुंकार द्यायचा.

मुख्य तपासनीस मात्र तळमजल्यावर बसायचा. इतरांनी वरून आणलेल्या कागदांवर सह्या करायच्या, एवढंच त्याचं काम. आमचे जुने मुख्य तपासनीस निवृत्त होत होते, आणि त्या खुर्चीसाठी दोनच नावं होती. एक मी आणि दुसरा जावई. जावई हा कुणाचाच जावई नव्हता, त्याचं लग्नच व्हायचं होतं. पण तपासणीला जाईल तिथे त्याला गादीची खुर्ची, चहा आणि बिस्किटं मिळायची, म्हणून ते नाव पडलं होतं. मला पाणी मिळायचं. तेही बहुधा सातव्या मजल्यावर कुणाला तरी दया आली तर.

आमच्या कचेरीचे साहेब कुणाला नेमायचं ते कागद बघून ठरवत नसत. "माणूस ताटावर कळतो," हे त्यांचं वाक्य. म्हणून वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, ते आम्हा सगळ्यांना हॉटेलात जेवायला न्यायचे. लांबलचक एकच टेबल आणि बारा माणसं. काय मागवायचं ते साहेब ठरवणार, आणि साहेबांच्या वडिलांपासून चालत आलेला एक नियम: शेवटच्या माणसाच्या ताटात जेवण पडेपर्यंत पहिल्याने घासाला हात लावायचा नाही. हा नियम साहेब दरवर्षी उभं राहून सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा.

मी शाकाहारी. का, ते विचारू नका. तुम्ही जे खाता ते का खाता, हे मी विचारलं नाही. तर या जेवणाला मी एकतीस वर्षं एका ठरलेल्या पद्धतीने जात होतो. जे वाढतील ते ताटात पडू द्यायचं, काट्याने इकडचं तिकडे करायचं, विनोदांना हसायचं आणि घरी येऊन जेवायचं. बायको झाकून ठेवायचीच.

त्या रविवारी ती म्हणाली, "आज जाताना चार घास खाऊनच जा."

"का? मी जेवायलाच चाललोय ना?"

"जेवायला कुठे? खुर्ची आणायला चाललाय. चेहरा हसरा ठेवा. आणि कुणी 'मग खाता तरी काय' असं विचारलं तर भांडू नका."

"मी कधी भांडतो?"

तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जरा जोरातच. मी उपाशीच निघालो. जेवायला बोलावलेल्या माणसाने जेवून जावं, हे मला त्या दिवशी एकदम अपमानास्पद वाटलं. एकतीस वर्षं कसं वाटलं नाही कोण जाणे. काही दोर असे एकाएकीच तुटतात. वरून बघाल तर ठणठणीत.

हॉटेलात माझ्या शेजारी आमच्या टायपिस्ट बाई बसल्या होत्या. मनाने फार चांगल्या, पण चौकस.

"अंडं तरी चालतं ना तुम्हाला?"

"नाही."

"केकमधलं?"

"तेही नाही."

"अगंबाई! मग वाढदिवसाला काय करता?"

"म्हातारा होतो."

पलीकडून कुणीतरी मासा ही पाण्यातली भाजीच असते असं म्हणालं, आणि टेबल हसलं. मीही हसलो. चेहरा हसरा ठेवायचा होता.

तेवढ्यात साहेबांनी उभं राहून वडिलांचा नियम सांगितला, आवाज भरून आला, ते बसले आणि वाढप सुरू झालं. वेटर माझ्याकडे आला. चष्मा लावणारा, पोक्त गृहस्थ. म्हणाला, "साहेबांनी तुमच्यासाठी खास सांगितलंय. हे सूप संपूर्ण शाकाहारी. भाज्याच भाज्या."

"पाणी कसलं?"

"पाणी म्हणजे... हाडं उकळलेलं. पण हाडं काढून टाकलीत."

"काढलीत, ऐकलंत ना?" साहेब टेबलाच्या टोकावरून म्हणाले. "घ्या आता."

"आणि या भाज्या?" मी विचारलं.

"नुसत्या परतलेल्या."

"कशात?"

वेटरने छताकडे पाहिलं. "आत विचारून सांगतो."

हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. इमारतीचा मालक लिफ्टच्या दोरांबद्दल नेमकं हेच बोलतो, नेमकं असंच छताकडे बघून. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती: दुसऱ्याच्या तोंडावर विसंबून सही करायची नाही, मशीनरूम स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. मी खुर्ची मागे सारली.

"मीच बघून येतो."

स्वयंपाकघर सहा पायऱ्या खाली होतं. आयुष्यात मला चढायला लागलं नाही असं तपासणीचं ते एकमेव ठिकाण. आत खांद्यावर टॉवेल टाकलेला एक आडदांड आचारी उभा होता.

"कोण हवंय?"

आता एकतीस वर्षांची सवय. अनोळखी दारात उभा राहिलो की तोंडातून एकच वाक्य निघतं. "तपासणीला आलोय," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने एका पायाने कसलीशी बादली टेबलाखाली ढकलली आणि न विचारता सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडली. मी एकेक बघत गेलो. पळी एकच होती. ती या पातेल्यातून त्या पातेल्यात, त्यातून पुढच्यात, अशी घरच्या सुनेसारखी सगळीकडे राबत होती. भाज्या चरबीत. पावही चरबीवर भाजलेला.

"कुठल्या खात्याचे आपण?" आचाऱ्याने अदबीने विचारलं.

"लिफ्ट."

"पण आमच्याकडे लिफ्ट नाही."

"म्हणून तर माझ्याकडे वेळ आहे. मला चार बटाटे उकडून द्या. घासलेलं पातेलं, ताजं पाणी, आणि ही पळी त्याच्या आसपासही फिरकायला नको."

त्याने सुटकेचा असा निःश्वास टाकला की चुलीवरची वाफ हलली. "अर्धा-पाऊण तास लागेल. पातेलं मोकळं व्हायला हवं."

"लागू दे."

वर आलो तर अकरा ताटं भरलेली होती आणि वाफा निघत होत्या. अकरा काटे हवेत होते. साहेब म्हणाले, "या, या. घ्या ताटात काहीतरी, सुरू करू."

"माझं येतंय."

"कधी?"

"पाऊण तासाने."

टेबलावर जी शांतता पसरली तशी मी फक्त अडकलेल्या लिफ्टमध्ये अनुभवली आहे. अकरा काटे हळूहळू खाली आले.

जावई माझ्या कानाशी झुकला. "दादा, एक पाव ठेवा ना ताटात. नावापुरता."

"नावापुरती सही करतोस का रे तू?"

त्याने मान मागे घेतली. करत असावा.

"लिंबाची फोड ठेवा," टायपिस्ट बाईंना युक्ती सुचली. "लिंबू तर चालतं!"

"चालतं. पण फोड ठेवली तर जेवण पडलं असं होईल का?" मी विचारलं, आणि अकरा माना साहेबांकडे वळल्या.

साहेब तत्त्वाचा माणूस. त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं, मग लिंबाकडे, मग वर, जिकडे बहुधा वडील असावेत. "फोड म्हणजे जेवण नव्हे," ते कष्टाने म्हणाले.

दहा मिनिटं गेली. रश्श्यावर साय धरू लागली. कुणाच्या तरी पोटाने मोठ्याने मत दिलं. शेवटी साहेबांचा बांध फुटला.

"एका माणसापायी अकरा माणसं उपाशी! शोभतं का हे?"

"एकतीस वर्षं अकरा माणसांपायी एक माणूस उपाशी होता, साहेब. तेव्हा कुणाचं जेवण गार झालं नाही, म्हणून कळलं नाही."

"काहीतरीच! दरवेळी तुमच्या ताटात असायचं!"

"असायचं. तेच परत जायचं."

साहेबांनी आवाज उतरवला, आणि त्यांचा उतरलेला आवाज चढलेल्यापेक्षा वाईट असायचा. "हे बघा, मुख्य तपासनिसाला चार लोकांत बसावं लागतं. मालक येतात, बिल्डर येतात. ते जेवायला घालतात. तिथेही तुम्ही असंच स्वयंपाकघरात जाणार? माझ्या मनात तुमचंच नाव आहे, काही लपवत नाही. एक चमचा सूप घ्या. सगळ्यांसमोर, एकच चमचा. मी आत्ता उभा राहून जाहीर करतो."

खोटं कशाला बोलू? मी चमच्याकडे पाहिलं. सोमवारी माझ्या नावावर चौदा मजल्यांची इमारत होती. चौदा मजले म्हणजे दोनशे ऐंशी पायऱ्या, आणि नंतर गच्चीची लोखंडी शिडी. उजवा गुडघा टेबलाखालून स्पष्ट म्हणाला, "घे रे, मुकाट्याने." डाव्याने हुंकार दिला. चमचा चांगला घासलेला, चकचकीत होता. त्यात माझा चेहरा उलटा दिसत होता. हसराच होता.

"नको," मी म्हणालो.

"विचार करा."

"केला. हाडं काढली तरी पाणी हाडांचंच आहे. तुम्हीच शिकवलंत, वरून चकचकीत दिसतं म्हणून पास करायचं नाही. मालकांनी जेवायला घातलं तर तिथेही मी स्वयंपाकघरात जाईन. आणि ज्याला जेवू घालताना भीती वाटेल, त्याची लिफ्ट मी दोनदा तपासेन."

जावई खोकला. साहेब उठून उभे राहिले आणि मुख्य तपासनीस म्हणून जावयाचं नाव जाहीर करून बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. उपाशी माणसाला टाळ्या सुचत नाहीत. जावई बिचारा कानापर्यंत लाल होऊन "दादा, मी काही..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचे गुडघे ठणठणीत होते. चांगल्या गुडघ्यांना खुर्ची, हा जगाचा नियमच आहे.

अजून वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी टेबलाला, कुणीही मागणी केलेली नसताना, दोन विनोद सांगितले. मग आचारी स्वतः वर आला, हातात झाकलेलं ताट, आणि मोठ्या अदबीने ते माझ्यासमोर ठेवून झाकण उचललं. चार बटाटे. साल काढलेले, वाफाळते. सबंध टेबलावर गरम असं तेवढंच होतं.

"सुरू करा," साहेब म्हणाले, आणि अकरा माणसं गारढोण मांसावर तुटून पडली.

"झालं समाधान?" साहेबांनी चावता चावता विचारलं. "गेली ना खुर्ची?"

मी उठलो. दोन्ही गुडघे कडाड वाजले. सगळ्यांनी वर पाहिलं.

"गेली तर गेली, साहेब! सोमवारी मी चौदा मजले चढेन, बसत-उठत चढेन, पण चढेन. आणि एक ऐकून ठेवा. पुढच्या वर्षीही मी येणार. घरून जेवून येणार नाही. रुसून उठून जाणार नाही. ताटातलं इकडचं तिकडे करत बसणार नाही. मी तुमच्यातलाच आहे, या टेबलावर माझीही जागा आहे, आणि माझ्या ताटात काय पडेल ते मी ठरवणार. ते पडेपर्यंत तुम्ही थांबायचं. नियम तुमच्या वडिलांचा आहे, माझ्या वडिलांचा नाही!"

काटे थांबले. टायपिस्ट बाईंचा घास ओठांपाशीच राहिला. चष्मेवाला वेटर हातातला जग तिरका धरून उभा होता, आणि जगातलं पाणी मेजपोशावर सांडत होतं तरी त्याला भान नव्हतं. साहेबांनी चावणं थांबवलं.

मी खाली बसलो. ताठ मानेने अर्धा बटाटा तोडला, तोंडात घातला, चावला. पुन्हा चावला.

"साहेब," मी म्हणालो, "तेवढं मीठ जरा इकडे सरकवता?"