कान असलेला ड्रॉपर

टक्, टक्, टक्.

बाळाच्या पोटदुखीच्या थेंबांचं झाकण टेबलावरून घरंगळलं आणि आत्ता कुठे निजलेलं बाळ चुळबुळलं. मी श्वास रोखून उभी. हातातला ड्रॉपर ठेवायचा तरी कुठे? अंगावरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात तो सारला आणि चोरपावलांनी प्रयोगशाळेकडे निघाले. "जा, जा," सासूबाई नुसत्या भुवयांनी म्हणाल्या.

आज माझी परीक्षाच होती. तीन वर्षं खपून मी एक द्रव बनवलाय. एमआरआय यंत्र शरीराच्या आतले फोटो काढतं, तेव्हा तो द्रव दिव्यासारखा उजळतो; पण उगाच नाही. त्याच्या डोक्यावर साखरेची टोपी आहे. ती कातरणारं एन्झाइम आसपास काम करत असेल, तरच टोपी उडते आणि दिवा लागतो. माझ्या चार वर्षांच्या थोरलीला हे इतकं पटलंय, की ती दिसेल त्याची टोपी उडवून आत उजेड शोधते. सासरे आता घरात टोपी घालत नाहीत.

परीक्षा घेणार होत्या विभागप्रमुख बाई. त्या कशालाही "हं" एवढंच म्हणतात, म्हणून पाठीमागे हंबाई. एन्झाइम नसताना दिवा लागला तर काम बंद, असं मात्र त्यांनी पूर्ण वाक्यात बजावलं होतं.

दोन नळ्या. एकीत माझा द्रव आणि एन्झाइम, दुसरीत माझा द्रव आणि नुसतं पाणी. दुसरीच्या तोंडाशी एक बुडबुडा अडला होता, आणि बुडबुड्यानं फोटो बिघडतो. मी सवयीनं खिशातून ड्रॉपर काढला, पाणी ओढलं, नळी काठोकाठ भरली आणि बूच लावलं.

तासाभरानं पडद्यावर पहिली नळी झगझगली. दुसरीही.

"हं," हंबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

तीन वर्षं, एक बाळंतपण, आणि शेवटी एक हं!

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?" यंत्र चालवणारे चुंबकमामा म्हणाले.

"विचारा."

"तुमच्या ड्रॉपरला कान का आहेत?"

मी पाहिलं. पिवळा रबरी फुगा, त्यावर अस्वलाचं तोंड, दोन गुबगुबीत कान. बाळाचा ड्रॉपर! बाळाला दूध पचावं म्हणून जे थेंब देतो, त्यांत दुधातली साखर कातरणारं एन्झाइम असतं. माझी टोपी कातरतं, नेमकं तेच!

"बाई, थांबा! नळीची काही चूक नाही. मी तिला बाळाचं औषध पाजलंय!"

हंबाई दारातच वळल्या. "किती?"

"ड्रॉपरला चिकटलं होतं तेवढंच."

"तेवढ्यानं एवढा उजेड?" त्यांनी पर्स खाली ठेवली. "परत करा."

या वेळी तीन नळ्या. एन्झाइमची, नुसत्या पाण्याची आणि अस्वलाची. चुंबकमामांनी प्रत्येक नवा ड्रॉपर जादूगारासारखा चारी बाजूंनी फिरवून दाखवला. "बघून घ्या, कान नाहीत."

तासाभरानं पाण्याची नळी ठार काळी. उरलेल्या दोन्ही लख्ख.

"हं," हंबाई म्हणाल्या. हा हं वेगळा होता. याला शेपूट होती. "काम चालू ठेवा. ते अस्वल घरी ठेवा."

अस्वल आता बाळाच्या तोंडात नको, म्हणून येताना औषधाच्या दुकानातून थेंबांची नवी बाटली घेतली. या ड्रॉपरवर बदक आहे. संध्याकाळी बाळाला थेंब पाजले, आणि ते मांडीवर भोंगा लावून पडलं असताना थोरलीला सगळी हकिगत सांगितली. ती कानांवर हात ठेवून, पण मन लावून ऐकत होती.

"म्हणजे थेंब चालतात?"

"चालतात."

"यंत्रानं बघितलं?"

"बघितलं की. दोनदा!"

तिनं बाळाचं टोपडं उचललं, आत वाकून पाहिलं, पुन्हा नीट बसवलं.

"मग आई, हा अजून का रडतोय?"