थोबाडांवरचा प्रबंध

चार वर्षं मी रस्त्यावरच्या फ्लेक्सवरची थोबाडं मोजली. आंगणेवाडीची जत्रा, निवडणुका, वाढदिवस, गुरांच्या दवाखान्याचं उद्घाटन, काही सोडलं नाही. आमच्या गावात, मसुऱ्यात, मला वेडी म्हणायचे, विद्यापीठात संशोधक. माझा सिद्धान्त एका ओळीचा होता: गावात ज्याचा मान मोठा, त्याचं तोंड फ्लेक्सवर मोठं.

तोंडी परीक्षा कुडाळच्या एका कॉलेजात, अकरा वाजता. दहाला स्टेशनसमोर पोचते तर माझाच फ्लेक्स! 'डॉ. गौरजा हिचे हार्दिक अभिनंदन.' पदवीचा अजून पत्ता नव्हता. काशिनाथकाका गॉगल लावून दरवाजाएवढे, आणि कोपऱ्यात मी, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

तणतणत शेजारच्या दीपेशच्या दुकानात शिरले. तालुक्यातले निम्मे फ्लेक्स तोच छापतो.

"काकांनीच सांगितल्यानी मां, माका मोठो कर म्हणान?"

"नाय गो. तुझो फोटो व्हॉट्सॅपवरचो, मोठो केलो की फाटता. काकांचो स्टुडिओतलो. ज्येचो फोटो साफ, तेका मोठो करतंय. कायम."

"आणि मान?"

"कसलो मान?"

शंभर संदर्भग्रंथ वाचले होते, पण या दुकानाची पायरी चढायचं काही सुचलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. परीक्षेत याबद्दल तोंड बंद ठेवलं, तर पदवी खिशात होती.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी मोबाइल पुढे धरला. स्टेशनवरून येताना त्यांनी माझ्याच फ्लेक्सचा फोटो काढला होता.

"तुमच्या सिद्धान्तानुसार इथे डॉक्टरेट कुणाला मिळाली?"

सगळे खो खो हसले. शेवटच्या रांगेत काका इस्त्रीच्या शर्टात बसले होते. 'काकांना गावात फार मान आहे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दीपेशचं उत्तर माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं, आणि त्याबरोबर प्रबंधही कोसळला.

"हे लिहा," बाई म्हणाल्या आणि सहा महिन्यांची दुरुस्ती देऊन मोकळ्या झाल्या.

बाहेर आले तर काका गायब. सापडले स्टेशनसमोर, शिडीवर, हातात पोतं घेऊन. मला वाटलं, 'डॉ.' झाकतायत. त्यांनी पोतं फोटोतल्या स्वतःच्याच तोंडावर बांधलं.

"माझ्या थोबाडान तुझो घात केल्यान मां? 'डॉक्टर' रवांदे तसोच. सा म्हयन्यांनी लागतलोच."

मी रडत रडत शिडी धरली. फ्लेक्सवर आता एकटं माझंच तोंड उरलं होतं, तिकिटाएवढं.